एकोणपन्नासाव्या दिवसाचं तळण

सूह्यांगला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे 'जाऊ दे गं, घरचीच आहे' असं म्हणत कुणी माझ्या पाठीवरून हात फिरवायला यायला नको.

सूह्यांग माझी धाकटी जाऊ. ताक हे आमच्या सासरचं आडनाव; त्या घरात आम्ही दोघीच सुना. मी थोरल्या मुलाची, म्हणजे मुनसिकची बायको. त्यामुळे सासूबाई आमच्याकडे राहतात आणि त्यांच्या मागोमाग ताकांचे सगळे गेलेले पूर्वजही आमच्याकडेच जेवायला येतात. सगळ्यात मोठी पंगत चुसोकला, शरदाच्या पौर्णिमेला. आडनाव त्यांचं, रक्त त्यांचं, आणि तव्यापुढे कोणी बसायचं? तर दुसऱ्या घरातून आलेल्या बाईने. पुरुष इस्त्रीचे कपडे घालून येतात, पितरांपुढे दोनदा डोकं टेकवतात आणि जेवायला बसतात. माझ्या आजेसासऱ्यांना माशाचे काप कडक लागायचे की मऊ, हे मला पाठ आहे. त्यांच्या नातवाला विचारा, तो छताकडे बघेल.

सूह्यांग देगूला राहते, आमच्या मिऱ्यांगहून फार लांब नाही. तिथे इंग्रजीच्या एका खाजगी शिकवणीत ती शिकवायची. वसंतात शिकवणी बंद पडली आणि तिला बेकारी भत्ता सुरू झाला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमचा शेवयांचा कारखाना बंद पडला तेव्हा मीही भत्ता घेतलाय, आणि आज पालेभाजीच्या शेडमध्ये पानांच्या जुड्या बांधत असले तरी तेव्हाचे ते महिने मी विसरलेले नाही. भत्ता सुरू होताना रोजगार केंद्रात सगळ्यांना बसवून नियम सांगतात. दर चार आठवड्यांनी, नेमून दिलेल्या दिवशी, 'मी काम शोधते आहे, अजून मिळालेलं नाही' असा अर्ज संगणकावर भरायचा. स्वतः भरायचा. देशात राहून भरायचा. परदेशी जायचं असेल तर आधी कळवा, तारीख बदलून मिळेल. दुसऱ्याकडून भरून घेतला तर घेणाराही दोषी आणि भरणाराही. केंद्रातल्या बाईंनी हे इतक्यांदा सांगितलं की माझ्या शेजारी डुलक्या घेणारा माणूसही झोपेत मान हलवायला लागला होता.

माझी आई नामहेला, वृद्धांच्या रुग्णालयात होती. मी तिची एकुलती एक. तिचं डोकं कधी जागेवर असायचं, कधी नसायचं, पण चुसोक जवळ आला की ती परिचारिकांना सांगायची, "या खेपेला माझी लेक येणार आहे." लग्न झाल्यापासून एकाही चुसोकला मी तिच्याकडे गेले नव्हते. कशी जाणार? ताकांचे पितर जेवायचे होते ना!

यंदा डॉक्टर म्हणाले, पुढच्या सणापर्यंत थांबू नका. म्हणून उन्हाळ्यातच मी सूह्यांगला फोन केला.

"यंदाचं ताट तू मांडशील का? सामान सगळं मी आणून ठेवीन. चिरूनसुद्धा ठेवीन. तू फक्त तळायचं. मला आईकडे जायचंय."

"अय्या, जाऊबाई, विचारताय काय! मी तर आता घरीच असते. तुम्ही निवांत जा. मी करते सगळं."

किती गोड बोलली! मी आईला फोन लावून कळवलं. "येतेस? चुसोकला?" तिने दोनदा विचारलं. मग फोन ठेवायला विसरली, आणि पलीकडे ती कुणाला तरी सांगत होती ते मला ऐकू येत राहिलं, "लेक यायचीय, माझे केस कापा."

चुसोकच्या आठवड्यात सूह्यांगचा फोन आला.

"जाऊबाई, कसं सांगू... सोलला मुलाखत आहे. सणाच्या दिवसांत कोण बोलावतं, मलाही नवलच वाटलं. पण नाही गेले तर भत्ता बंद होईल हो. हेच मला गाडीने नेणार आहेत, म्हणजे यंदा आम्ही कुणीच येणार नाही. तुम्हाला तर माहितीय नियम."

मला नियम माहीत होते. म्हणून तर मी तिच्यावर विश्वास ठेवला.

मुनसिक तेव्हा टीव्हीपुढे नखं कापत होता. मी त्याला म्हटलं, "एक वर्ष ताट साधं मांडू. बाजारातून तयार आणू. मी जाते."

"आईला काय सांगू?" तो म्हणाला. आई म्हणजे त्याची. "अगं, पोरीची मुलाखत आहे, तिच्या पोटाचा प्रश्न आहे. समजून घ्यायला नको का थोरलीने? पुढच्या वर्षी जा. मी स्वतः गाडीने सोडीन."

नगरपालिकेच्या पाणी खात्यात नोकरी केल्यापासून त्याला हा आवाज लागलाय. नळ कधी येईल विचारणाऱ्यांना तो याच आवाजात उत्तर देतो.

मी तळलं. माशाचे काप तळले, भोपळ्याच्या चकत्या तळल्या, तांदळाच्या उकडीच्या करंज्या केल्या. ताट मांडलं, उतरवलं, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा बांधून मी बस स्थानकावर उभी होते तेव्हा रुग्णालयातून फोन आला. मी पोचले तेव्हा आईचं तोंड झाकलेलं होतं. केस कापलेले होते. कानामागे व्यवस्थित, मुलीसारखे. त्या केसांकडे बघून मी जी ओरडले तो आवाज माझाच होता, हे मला नंतर लोकांनी सांगितलं.

अंत्यसंस्कार तीन दिवस चालले; सूह्यांग शेवटच्या दिवशी आली. काळा पोशाख, पांढरी फीत, सगळं बेतशीर. नाकाची साल मात्र निघालेली.

"उन्हाने," ती म्हणाली. "मुलाखतीला पायी पायी फिरले हो, जाऊबाई."

मी दुःखात होते, पण आंधळी नव्हते. सोलचं ऊन असं कुणाच्या नाकाची साल काढत नाही, एवढं मला तेव्हाही कळलं.

खरं काय ते कळलं वाळवलेल्या आंब्यामुळे. आमच्याकडे परदेशी जाऊन रिकाम्या हाताने परत येणं कुणाला जमतच नाही. चोरी करायला गेलेला माणूसही विमानतळावर शेजाऱ्यांसाठी खाऊ घेईल. सूह्यांगने सासूबाईंना आंब्याच्या पिशव्या आणून दिल्या, आणि वर बजावलं असणार की थोरलीला सांगू नका. सासूबाईंनी मला सांगितलं नाही. त्यांनी फक्त वृद्धांच्या विरंगुळा केंद्रात जाऊन तो आंबा सगळ्या म्हाताऱ्यांना वाटला. न वाटून कसं चालेल? सून खाऊ आणते, हे दाखवायचं कुणाला मग?

तिथल्या कोक आजी मला भाजीच्या दुकानात भेटल्या. आईबद्दल दोन शब्द बोलल्या आणि मग म्हणाल्या, "तुझ्या जावेला सांग हं, आंबा फार मऊ होता. आमच्या दातांना झेपला. परदेशातल्या दानांगचा ना तो? चुसोकला सगळं कुटुंब समुद्रावर गेलेलं म्हणे. नोकरी गेली तरी हौस आहे बाई पोरीला!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोक आजींना मी हसून "सांगते हं" म्हटलं, हातातले मुळे तिथेच टाकले आणि सरळ रोजगार केंद्राची बस पकडली. घरी जाऊन थंड डोक्याने विचार करावा, असं शहाणी माणसं म्हणतात. मी मुद्दाम घरी गेले नाही. डोकं थंड झालं असतं तर?

केंद्रात एक तरुण कारकून होता, चष्मेवाला, ओम नावाचा. मी तिचं नाव सांगितलं, दानांग सांगितलं, चुसोकचा आठवडा सांगितला. त्याने संगणकात बघितलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. तिची अर्ज भरण्याची तारीख नेमकी त्याच दिवसांत होती, आणि अर्ज तर वेळेवर आला होता.

"आम्ही विमानतळाच्या नोंदींशी ताडून बघू," तो म्हणाला. "चौकशीला वेळ लागतो. तुमचं नाव गुप्त राहील. नातं काय आपलं?"

"जावा आहोत," मी म्हटलं.

त्याने एक कार्ड दिलं, आणखी काही आठवलं तर फोन करा म्हणाला. माझ्या अंदाजाने तिने मोबाईलवरून, समुद्रावर पाय पसरून अर्ज भरला असणार. घेतलेलं सगळं परत, वर दंड, शिवाय पुढे कुठे भत्ता मागायला तोंड उरणार नाही. परतीच्या बसमध्ये, आई गेल्यानंतर पहिल्यांदा, मला झोप लागली.

पण तेवढ्याने माझं पोट भरलं नाही. सरकार शिक्षा करील ती सरकारच्या पैशांसाठी. माझ्या आईचं काय?

आईला मुलगा नाही. तिच्यासाठी ताट मांडणारं घर नाही. एकोणपन्नासावा दिवस जवळ आला होता, आत्मा इथलं सगळं सोडून पुढे जातो तो दिवस. मी सूह्यांगला फोन केला.

"दानांगची हवा कशी होती गं?"



"जाऊबाई..." ती म्हणाली, "तिकिटं आधीच काढली होती हो. परत मिळत नव्हते पैसे. तुम्ही... तुम्ही केंद्रात काही बोलला नाहीत ना?"

चोराच्या मनात चांदणं! माझ्या आईचं नाव नंतर, केंद्राचं आधी.

"एकोणपन्नासाव्या दिवशी ये," मी म्हटलं. "माझ्या आईचं ताट आमच्या घरी मांडायचंय. सगळं तू तळायचं. मग बघू."

'मग बघू' एवढंच म्हटलं. खोटं एक अक्षर बोलले नाही. तिने त्याचा अर्थ तिला हवा तसा लावला.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी हातातली वाटी आपटली. "ताकांच्या घरात परक्या आडनावाचं ताट? आमचे पितर येतील तेव्हा त्यांना काय सांगू, कोण बसलंय म्हणून?"

"सांगा, तुमची विहीण आहे," मी म्हटलं. "इतकी वर्षं तिची लेक तुम्हाला रांधून घालते, तिला एकदा जेवू द्या."

त्या तोंड फुगवून विरंगुळा केंद्रात निघून गेल्या. मुनसिकने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मला वाटलं, चला, निदान याला तरी काही वाटतंय.

सूह्यांग सकाळीच आली. मी तिला एप्रन दिला, जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली, तवा मांडला आणि समोर खुर्ची टाकून बसले. मदत केली नाही. वांगं असं चिर, पीठ झटक, आच कमी कर, एवढंच बोलत होते. तिला सवय कुठली! तेल उडलं की हात मागे घ्यायची. पहिली थाळी करपली, ती मी बाजूला सारली.

"परत कर. माझ्या आईला करपलेलं चालत नाही."

"कमरेचे टाके ढिले झाले हो, जाऊबाई."

"होतात. माझे लग्नाच्या वर्षीच झाले."

ती डोळे पुसून पुन्हा तळायला लागली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. तिच्या मनगटावर फोड आला, तोही मी बघितला आणि मलम आणायला उठले नाही.

काप छान व्हायला लागले तेव्हा तिला जरा धीर आला. ताटाकडे बघत म्हणाली, "या खेपेचा भत्ता अजून जमा नाही झाला. केंद्राचं काम फार ढिलं. पण तुम्ही बोलणार नाही म्हणालात, तेव्हापासून मी निश्चिंत आहे."

"मी असं कधी म्हणाले?"

तिचा झारा हवेत थांबला. मी तिला सगळं सांगितलं. कोक आजी, बस, चष्मेवाला ओम. आंबा कळला त्याच दिवशी तक्रार केली, तिला फोन करायच्या कितीतरी आधी.

"मग मला सकाळपासून हे तळायला का लावलंत?" ती किंचाळली.

"हे माझ्या आईसाठी. ते तुझ्यासाठी. दोन्हींचा काही संबंध नाही."

तिने एप्रन सोडून फेकला. तोंड लाल झालं होतं. आता ती मला शिव्या देईल, मग मीही देईन, असं मी मनात जुळवून बसले होते. पण ती वेगळंच बोलली.

"आणि दादांचं काय? त्यांनाही अडकवलंत?"

दादा म्हणजे मुनसिक.

"त्याचा काय संबंध?"

"अर्ज मी नाही भरला, दादांनी भरला! तिथून भरला तर लगेच कळतं म्हणून. तुमच्याच घरी बसून, तुमच्या मुलाच्या संगणकावर. मी गुप्त क्रमांक पाठवला होता त्यांना."

मुलगा लष्करात गेल्यापासून ती खोली बंदच असते. चुसोकच्या आठवड्यात एका सकाळी मी कोबीची पाटी उचलायला मुनसिकला हाक मारली होती, आणि तो त्या खोलीतून म्हणाला होता, "थांब जरा, कचेरीचं काम आहे."

"त्याला माहीत होतं? दानांग माहीत होतं?"

"म्हणजे काय!" ती आता रडत होती, पण थांबत नव्हती. बुडायचंच तर एकटी कशाला, असं झालं होतं तिला. "मी तर म्हटलं होतं, तिकिटं रद्द करते. जाऊबाईंना शब्द दिलाय. दादाच म्हणाले, नको, तुम्ही जा. मला म्हणाले, 'तू ताट मांडलंस तर आईला पटणार नाही, आणि ही एकदा माहेरी गेली की दरवर्षी जायला लागेल. तू मुलाखत आहे म्हणून सांग, ती ऐकेल.' विचारा त्यांना!"

तव्यावर काप जळत होते. मीच उठून गॅस बंद केला.

ती खोटं बोलत नव्हती. ती वाक्यं तिला सुचणारी नव्हती. 'ही एकदा गेली की दरवर्षी जायला लागेल.' तो आवाज मी ओळखते. पुढच्या वर्षी जा, मी स्वतः गाडीने सोडीन. आणि अंत्यसंस्काराच्या वेळी तीन दिवस माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला होता तो. लोक म्हणत होते, नवरा मिळावा तर असा.

सूह्यांगचा राग कमी झाला का? नाही. एवढ्याने ती सुटत नाही. पण मी इतके दिवस फांद्याच तोडत बसले होते.

"तोंड धू," मी तिला म्हटलं. "आणि बस इथेच."

मी ताट मांडलं. भात, सूप, मासा, फळं, मधोमध आईचा फोटो. मुनसिक दुपारी आला. हातात नासपतीची फळं होती, मोठाली, भेटीच्या खोक्यातली. काळा कोट घातलेला. ताट बघून त्याचे डोळे भरून आले. खरोखर भरून आले. त्याला असं रडू पटकन येतं.

"छान केलंस गं," तो म्हणाला. "आई तृप्त होतील." आणि उदबत्ती लावून तो माझ्या आईच्या फोटोपुढे गुडघे टेकायला लागला.

"डोकं टेकवू नकोस," मी म्हटलं.

तो अर्ध्यात थांबला. मग त्याने भिंतीला टेकून बसलेल्या सूह्यांगकडे बघितलं. तिने मान खाली घातली. त्यातच त्याला सगळं कळलं. माझ्याकडे वळला तेव्हा तो पाणी खात्याचा आवाज त्याच्या घशात आधीच तयार होता.

"हे बघ, ऐकून घे आधी. मी घराचा विचार केला. थोरला म्हणून मला सगळ्या बाजू..."

मी पाकिटातून ते कार्ड काढलं आणि नंबर लावला. त्याने कार्डावरचं नाव वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"वेडी झालीस का? मी सरकारी नोकर आहे! नोकरी जाईल माझी. आपण खाणार काय? मुलाच्या लग्नाला काय तोंड दाखवणार?"

"मी जुड्या बांधते," मी म्हटलं. "माझं भागेल."

"अगं, आई गेल्याच ना आता! तू हे केल्याने परत येणार आहेत का?"

तोपर्यंत मला थोडी धाकधूक होती, कबूल करते. हे वाक्य तो बोलला आणि ती संपली. पलीकडे ओमने फोन उचलला, मी माझं नाव सांगितलं, त्याला लगेच आठवलं.

"हां, त्या जावेची तक्रार," तो म्हणाला. "बोला."

"त्यात एक नाव राहिलं होतं. अर्ज ज्याने भरला, त्याचं. ताक मुनसिक."

"हे कोण तुमचे?"

मुनसिक जमिनीवर बसला होता. गुडघे टेकलेलेच होते, फक्त तोंड आता माझ्या आईकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. हात जोडले होते. इतक्या वर्षांत माझ्यापुढे त्याने हात जोडलेले मी पहिल्यांदाच बघत होते.

"नवरा," मी म्हटलं. "इथेच आहे समोर. देऊ का फोन?"